परस्परांशी न जोडलेल्या संगणकांतील फायलींची एकवाक्यता : स्वरूप, अडचणी आणि उपाय

प्रस्तावना

महाविद्यालयातील अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांची फाईल साधारणतः तीन ठिकाणी असते : विभागातील संगणकावर, प्राध्यापकांच्या घरच्या संगणकावर आणि परीक्षा विभागात. पुष्कळदा या तीन संगणकांना जोडणारे जाळे नसते. असतो तो केवळ खिशातून ये-जा करणारा पेन ड्राईव्ह. अशा व्यवस्थेत घडणारा एक प्रसंग अनेकांच्या परिचयाचा असेल. गुरुवारी रात्री घरच्या संगणकावर अकरा विद्यार्थ्यांचे सुधारित गुण भरले जातात आणि फाईल पेन ड्राईव्हवर घेतली जाते. शुक्रवारी सकाळी विभागात एक तक्ता छापण्यासाठी तेथील जुनीच प्रत उघडली जाते. बंद करताना एक्सेल 'बदल जतन करावेत काय' असे विचारते आणि सवयीने 'होय' म्हटले जाते. त्यानंतर पेन ड्राईव्ह लावला असता, संगणक दोन्ही प्रतींच्या वेळा दाखवून विभागातील प्रत अधिक नवी असल्याचे सुचवितो. ते खोटेही नसते. शुक्रवार गुरुवारनंतरच येतो. जुनी प्रत नव्या प्रतीवर बसते आणि अकरा विद्यार्थ्यांचे गुण पूर्ववत होतात. चूक झाल्याची कोणतीही सूचना पडद्यावर येत नाही. ती येते निकाल लागल्यावर, विद्यार्थ्याच्या अर्जाच्या रूपाने.

एकाच फाईलीच्या निरनिराळ्या ठिकाणच्या प्रतींत एकवाक्यता राखण्याच्या क्रियेस समक्रमण असे म्हणतात. व्यवहारात 'सिंक' हा शब्द रूढ आहे. संगणक एकमेकांना जोडलेले नसताना ही क्रिया का अवघड होते आणि ती सुरक्षितपणे कशी पार पाडता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. नक्कल करणे हा या कामातील सोपा भाग होय. दोन प्रती पुढ्यात असता त्यांपैकी कोणती कोणत्या प्रतीपासून निघाली हे ठरविणे हा कठीण भाग आहे. या प्रश्नाचे उत्तर त्या दोन प्रतींत नसते. त्यांची शेवटची भेट झाली तेव्हा स्थिती काय होती, हे कोणीतरी लक्षात ठेवलेले असावे लागते.

न जोडलेल्या संगणकांचे अस्तित्व

ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये आणि गुगल ड्राईव्ह २०१२ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध झाले. तेव्हापासून हा प्रश्न संपल्याचे मानले जाते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. परीक्षा विभागातील संगणक गोपनीयतेसाठी हेतुतः महाजालापासून दूर ठेवला जातो. विज्ञान प्रयोगशाळांत एखादे जुने उपकरण विंडोज एक्सपीवरच चालते. या प्रणालीची सुरक्षा-दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये थांबली असल्याने असा संगणक जाळ्याला जोडणे धोक्याचे असते. त्यावरील मोजमापे पेन ड्राईव्हनेच बाहेर काढावी लागतात. ज्या गावी वीज आणि संपर्क दोन्ही बेभरवशाचे असतात, तेथील महाविद्यालयांविषयी वेगळे सांगावयास नको. पायी चालत माहिती वाहून नेण्याच्या या पद्धतीला इंग्रजीत थट्टेने 'स्नीकरनेट' म्हटले जाते. थट्टेचा भाग सोडला तरी, पेन ड्राईव्हची वाहतूक-क्षमता आजही पुष्कळ ठिकाणच्या जोडणीपेक्षा अधिक भरते.

घड्याळाची साक्ष

प्रतींमध्ये निवड करण्याचा सर्वांत प्रचलित निकष म्हणजे फाईल शेवटची बदलल्याची वेळ होय. 'नवी ती खरी' हा नियम समजण्यास सोपा आहे आणि बहुतेक आज्ञावल्या तोच पाळतात. मात्र न जोडलेल्या संगणकांच्या बाबतीत तो तीन ठिकाणी तोकडा पडतो.

पहिली अडचण घड्याळाचीच आहे. जाळ्याला जोडलेला संगणक आपले घड्याळ अधूनमधून वेळ-सेवकाशी ताडून पाहतो. एकाकी संगणकाला ही सोय नाही. त्यातील स्फटिकाचे घड्याळ दिवसाकाठी एखाद-दोन सेकंद सरकते, म्हणजे सत्र संपेपर्यंत काही मिनिटांचा फरक सहज पडतो. मातृफलकावरील नाण्याएवढी बॅटरी संपली, तर दर सकाळी संगणक एखाद्या जुन्याच तारखेपासून दिवस सुरू करतो. अनेक संगणकांत ही तारीख १ जानेवारी १९८० असते. अशा संगणकावर आज केलेले काम प्रत्येक तुलनेत हरते. कालक्षेत्राची चूक अधिक फसवी असते. प्रणाली बसविताना अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याचे कालक्षेत्र तसेच राहिले आणि काटे मात्र हाताने भारतीय वेळेला लावले, तर पडद्यावर सर्व ठीक दिसते. एनटीएफएस ही फाईल-रचना मात्र वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदविते. त्यामुळे तेथील फाईल एनटीएफएस रचनेच्या बाह्य डिस्कवरून योग्य मांडणीच्या संगणकावर नेली असता हिवाळ्यात साडेतेरा आणि उन्हाळ्यात साडेबारा तास पुढची दिसते.

दुसरी अडचण पेन ड्राईव्हच्या फॅट रचनेची. या रचनेत बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदविली जाते. संगणकावर १० वाजून १५ मिनिटे ७ सेकंद अशी वेळ असलेली फाईल पेन ड्राईव्हवर उतरताच ८ सेकंदांची होते. नक्कल मूळापेक्षा एका सेकंदाने 'नवी' ठरते आणि भोळी आज्ञावली तिला परत मूळावर आणून ठेवते. विंडोजमधील रोबोकॉपी या आज्ञेत हा दोन सेकंदांचा फरक दुर्लक्षिण्याची स्वतंत्र सोय ठेवावी लागली, यावरून या अडचणीची व्याप्ती लक्षात यावी.

तिसरी अडचण सर्वांत मूलगामी आहे. घड्याळे अचूक असली तरी 'नंतर जतन केलेली' म्हणजे 'आधीचे सर्व बदल सामावून घेतलेली' असे नव्हे. प्रारंभीच्या उदाहरणात घड्याळाची काहीच चूक नव्हती. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात नेमके याच मुद्द्याकडे लक्ष वेधले. विखुरलेल्या संगणकांच्या बाबतीत एक घटना दुसरीच्या 'आधी' घडली असे म्हणण्यास, पहिलीची वार्ता दुसरीपर्यंत पोहोचू शकली असती, हा आधार लागतो. दोन्ही दिशांनी वार्ता पोहोचण्याचा मार्गच नसेल, तर त्या घटना परस्परसमांतर होत. त्यांतील कोणतीच आधीची नाही आणि नंतरचीही नाही. विभागातील शुक्रवारच्या प्रतीला गुरुवार रात्रीची वार्ताच नव्हती.

आशयाचा ठसा

वेळेवर विसंबता येत नसेल, तर प्रत्यक्ष आशयाची तुलना करणे हा पुढचा मार्ग. संपूर्ण फाईल ताडून पाहण्याऐवजी तिच्यातील सर्व अक्षरांवर गणिती क्रिया करून एक लहान संख्या काढली जाते. एसएचए-२५६ या पद्धतीत ही संख्या फाईल कितीही मोठी असली तरी २५६ बिटांचीच असते. फाईलीत एक स्वल्पविराम बदलला तरी ही संख्या पूर्णतः पालटते. तिला अंगठ्याच्या ठशाची उपमा देता येईल.

ठशाने एवढेच निश्चित होते की दोन प्रती समान आहेत किंवा भिन्न आहेत. भिन्न असल्यास पुढची कोणती, हे ठसा सांगत नाही. तथापि त्याचा एक मोठा उपयोग आहे : जुने ठसे साठवून ठेवण्यास जागा जवळपास लागत नाही. हजारो फायलींच्या ठशांची यादी एका जुन्या फ्लॉपीवर मावेल. पुढील पद्धतीचा पाया हाच आहे.

मागील भेटीची आठवण

समजा, घरचा संगणक आणि पेन ड्राईव्ह यांची शेवटची भेट झाली तेव्हा गुणांच्या फाईलीचा ठसा काय होता, हे टिपून ठेवले आहे. आता पुन्हा भेट झाली असता तीन गोष्टी हाताशी असतात : घरची प्रत, पेन ड्राईव्हवरील प्रत आणि जुना ठसा. घरच्या प्रतीचा ठसा जुन्याशी जुळतो आणि पेन ड्राईव्हवरील जुळत नाही, तर बदल बाहेर झाला आहे. तो निःशंकपणे घरी आणावा. उलट असल्यास उलट करावे. दोन्ही प्रती जुन्या ठशाशी जुळत नाहीत आणि एकमेकींशीही जुळत नाहीत, तर दोन्हीकडे स्वतंत्र बदल झाले आहेत. हाच विसंवाद. येथे आज्ञावलीने थांबून माणसाला विचारले पाहिजे. या संपूर्ण विचारात घड्याळाचा कोठेही संबंध आला नाही, हे लक्षणीय आहे. प्रारंभीचे उदाहरण या कसोटीला लावले, तर विभागात जतन करताना एक्सेलने फाईलीतील नोंदी बदलल्यामुळे तेथेही ठसा पालटलेला दिसेल आणि आज्ञावली विसंवाद घोषित करील. गुण आपोआप जुळून येणार नाहीत. परंतु ते निःशब्दपणे नाहीसेही होणार नाहीत.

विंडोज ९५ मध्ये आलेली 'ब्रीफकेस' ही सोय याच जातीची होती. ती शेवटच्या भेटीची नोंद एका लपविलेल्या फाईलीत ठेवीत असे. विंडोज ८ पासून तिची उपेक्षा झाली आणि पुढे विंडोज १० च्या काळात ती काढून टाकण्यात आली. तिचा उपयोग जाणणारे थोडेच होते, ही खेदाची गोष्ट म्हणावी लागेल. या विषयाची शास्त्रशुद्ध मांडणी एस. बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पिअर्स यांनी १९९८ मध्ये केली. बदल ओळखणे आणि बदलांचा मेळ घालणे ही दोन कामे त्यांनी एकमेकांपासून वेगळी केली व विसंवाद आढळल्यास दोन्ही प्रती जशाच्या तशा सोडाव्यात, हे तत्त्व घालून दिले. पिअर्स यांच्या पुढाकाराने तयार झालेली 'युनिसन' ही मुक्त आज्ञावली हेच तत्त्व पाळते. ती विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते.

आठवणीची आवश्यकता सर्वांत स्पष्टपणे दिसते ती फाईल काढून टाकण्याच्या प्रसंगी. घरच्या संगणकावर एक फाईल आहे आणि पेन ड्राईव्हवर नाही. याचे दोन अर्थ संभवतात : ती घरी नव्याने तयार झाली, किंवा बाहेर कोणीतरी ती काढून टाकली. पहिल्या अर्थाने ती पेन ड्राईव्हवर न्यावयाची, तर दुसऱ्या अर्थाने घरचीही पुसावयाची. जुन्या यादीवाचून हा निर्णय करताच येत नाही. आठवण न ठेवणाऱ्या आज्ञावल्या यांतील एक अर्थ डोळे मिटून स्वीकारतात. काही आज्ञावल्यांत रद्द केलेल्या फायली पुनःपुन्हा परत येतात. काहींत, विशेषतः 'आरसा' पद्धतीच्या नकलेत, स्रोताच्या ठिकाणी नसलेली प्रत्येक फाईल गंतव्य ठिकाणाहून नष्ट केली जाते. दिशा चुकून उलटी दिली गेली, तर महिन्याचे काम एका आज्ञेत जाते.

झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातील ॲलन डेमर्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये यावर सुचविलेल्या उपायाचे नाव मोठे समर्पक आहे : मृत्यूचा दाखला. काढून टाकलेल्या नोंदीच्या जागी ती काढल्याचा दाखला ठेवावयाचा आणि तो इतर नोंदींप्रमाणेच सर्वत्र फिरवावयाचा. मग हे दाखले किती दिवस जपावयाचे, असा प्रश्न येतो. सर्व संगणकांनी पाहण्यापूर्वीच दाखला फेकून दिला, तर उन्हाळी सुटीत दोन महिने बंद असलेला प्रयोगशाळेतील संगणक जूनमध्ये सुरू होताच मृत फायली पुन्हा जिवंत करतो.

दोहोंपेक्षा अधिक संगणक

आतापर्यंतचा विचार दोन प्रतींपुरता होता. संगणक तीन किंवा अधिक झाले की 'शेवटची भेट' ही कल्पना संदिग्ध होते. कारण प्रत्येक जोडीची शेवटची भेट वेगळी. यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील डी. स्टॉट पार्कर, जेराल्ड पोपेक आणि सहकारी यांनी १९८३ मध्ये आवृत्ती-सदिशाची पद्धत मांडली. प्रत्येक फाईलीसोबत, कोणत्या संगणकावर तिच्यात किती वेळा बदल झाला, याचे आकडे ठेवावयाचे. गुणांच्या फाईलीच्या एका प्रतीवर 'घर ४, विभाग २, परीक्षा १' अशी नोंद आहे आणि दुसरीवर 'घर ३, विभाग २, परीक्षा १' अशी आहे. पहिलीचा कोणताही आकडा दुसरीपेक्षा कमी नाही आणि एक अधिक आहे. तेव्हा पहिलीत दुसरीचे सर्व काही आलेले आहे. ती बिनधास्त स्वीकारावी. परंतु दुसरीवरील नोंद 'घर ३, विभाग ३, परीक्षा १' अशी असती, तर एक आकडा येथे मोठा आणि दुसरा तेथे मोठा, म्हणजे विसंवाद. माणसाने घरी बसून दोहोंचा मेळ घातला की नवी नोंद 'घर ५, विभाग ३, परीक्षा १' होते आणि ती आधीच्या दोन्हींहून निःसंशय पुढची असते.

हे आकडे कागदावर ठेवणे कोणास जमणार नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. व्यवहारात सोपा मार्ग म्हणजे ताऱ्याच्या आकाराची रचना. एक पेन ड्राईव्ह मध्यवर्ती मानावा. प्रत्येक संगणकाने केवळ त्याच्याशीच मेळ घालावा आणि प्रत्येक जोडीची आठवण त्या त्या संगणकावर राहावी. युनिसनच्या माहितीपुस्तिकेतही अनेक संगणकांसाठी तारकाकृती रचनेचीच शिफारस आढळते. दुसऱ्याच पेन ड्राईव्हवरून 'एवढ्यापुरती' फाईल नेली की ही शिस्त मोडते, आणि ती बहुधा घाईच्या दिवशीच मोडते.

विसंवादाचे निराकरण

कार्नेगी मेलन विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांच्या मार्गदर्शनाखाली १९८७ पासून 'कोडा' ही फाईल-प्रणाली विकसित झाली. सत्यनारायणन हे मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे माजी विद्यार्थी. जाळ्यापासून तुटलेल्या संगणकावर काम चालू ठेवता यावे आणि पुन्हा जोडणी झाल्यावर सर्व बदल समाविष्ट व्हावेत, हे कोडाचे उद्दिष्ट होते. जेम्स किस्लर आणि सत्यनारायणन यांच्या १९९२ च्या शोधनिबंधात एक उद्बोधक निरीक्षण आहे : विद्यापीठातील वापराच्या नोंदींत ९९ टक्क्यांहून अधिक बदल हे आधीचा बदल करणाऱ्या व्यक्तीनेच केलेले आढळले. म्हणजे दोन भिन्न व्यक्तींनी एकाच फाईलीवर लागोपाठ हात फिरविणे विरळा होय.

महाविद्यालयातील अनुभव मात्र काही वेळा याच्या विपरीत असतो. नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालावर सात निकषांच्या चौकटीत ज्यांनी काम केले, त्यांना 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'अंतिम नवीन दुरुस्त' या नावांच्या फायली आठवतील. सात समित्या एकाच दस्तऐवजावर आपापल्या घरी काम करतात आणि मुदतीच्या आदल्या रात्री मेळ घालावयास बसतात. साध्या मजकुराच्या फायलींचा मेळ ओळीनिहाय आपोआप घालता येतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेली 'गिट' ही प्रणाली ते काम उत्तम करते आणि साठलेले बदल एका गठ्ठ्यात बांधून पेन ड्राईव्हने नेण्याची सोयही तीत आहे. वर्ड आणि एक्सेलच्या फायली या पद्धतीला दाद देत नाहीत. वर्डमध्ये दोन दस्तऐवजांची तुलना करण्याची सोय आहे. गुणपत्रकातील शेकडो चौकटींच्या बाबतीत शेवटी दोन माणसेच समोरासमोर बसतात, एक वाचतो व दुसरा ताडतो.

म्हणून विसंवाद मिटविण्यापेक्षा तो उद्भवू न देणे श्रेयस्कर होय. मोठ्या दस्तऐवजाचे निकषनिहाय सात भाग करून प्रत्येक भागाला एकच लेखक नेमावा. एकत्रीकरण एकाच संगणकावर, एकाच व्यक्तीने करावे. जी फाईल विभागता येत नाही, तिच्यासाठी रेल्वेची जुनी युक्ती उपयोगी पडते. एकेरी लोहमार्गावर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून चालकाच्या हाती टोकनचा गोळा दिला जाई. ज्याच्याजवळ गोळा, त्याचीच गाडी पुढे निघे. तद्वत पेन ड्राईव्ह ज्याच्या हाती, त्यानेच फाईल बदलावी. इतरांनी केवळ वाचावी. छपाईसाठी उघडणाऱ्यांनी ती 'केवळ वाचनासाठी' उघडावी, एवढ्याने प्रारंभीचा प्रसंग टळला असता.

एका गैरसमजाचा उल्लेख येथे आवश्यक आहे. समक्रमण म्हणजे सुरक्षित राखीव प्रत नव्हे. बिघडलेली फाईलही चांगल्या फाईलीइतक्याच निष्ठेने सर्वत्र पोहोचविली जाते. पेन ड्राईव्हमधून विषाणूही तसेच प्रवास करतात. महाजालाला न जोडलेल्या यंत्रणेपर्यंत पेन ड्राईव्हने पोहोचता येते, हे २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने जगाला दाखवून दिले. आठवड्याची एक दिनांकित प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवून ती समक्रमणाच्या फेऱ्यात कधीही न आणणे, हे त्यामुळे स्वतंत्र काम राहते.

मराठी फाईल-नामांची अडचण

युनिकोडपूर्व काळात श्रीलिपीसारख्या टंकांत लिहिलेली फाईल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तेथे तो टंक नसला, की पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हे दिसत. फाईल पोहोचे, मजकूर पोहोचत नसे. टंकही सोबत न्यावा लागे. युनिकोडमुळे ही अडचण पुष्कळ अंशी दूर झाली आणि फाईलीचे नावही मराठीत देता येऊ लागले. परंतु मराठीच्या वाट्याला तेथेही एक खास पेच आला आहे. 'दुसऱ्या सत्राचे गुण' या नावातील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये तीन प्रकारे साठविले जाऊ शकते : 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, साध्या 'र'ला नुक्ता देऊन, किंवा 'र' व हलन्त यांपुढे शून्य रुंदीचे जोडक-चिन्ह घालून. पडद्यावर ही तिन्ही रूपे एकसारखी दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र हे तीन भिन्न अक्षरसमूह आहेत. कोणते रूप उमटेल, हे कळफलकाच्या मांडणीवर अवलंबून असते. शिवाय १९९८ पासून मॅकवर असलेली एचएफएस प्लस ही रचना पहिले रूप स्वतःहून दुसऱ्यात बदलून साठवीत असे. २०१७ पासून आलेली एपीएफएस रचना नाव जसे दिले तसे जपते, पण विंडोज आणि लिनक्स या रूपांना समान मानत नाहीत.

परिणाम असा की, विभागात टंकलिखित केलेल्या नावाची आणि घरी दुसऱ्या कळफलकावर टंकलिखित केलेल्या नावाची फाईल समक्रमण आज्ञावलीला दोन निराळ्या फायली वाटतात. ती विसंवाद दाखवीत नाही. कारण तिच्या मते तुलना करण्याजोगे काहीच नसते. एकाच पत्रकात अगदी एकाच नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसू लागतात आणि कोणती उघडावी हे कोणालाच सांगता येत नाही. अशा वेळी एका फाईलीचे नाव कॉपी करून दुसरीला देऊन पाहावे : दोन्ही नावे खरोखर एकच असतील, तर संगणक नकार देईल, भिन्न असतील, तर आता तो नकार देईल, कारण ते नाव आधीच अस्तित्वात आहे. थोडक्यात, या मार्गाने काहीच कळत नाही. दोन्ही फायली उघडून आशय ताडून पाहावा लागतो. म्हणून फिरत्या फायलींची नावे रोमन अक्षरांत व अंकांत ठेवावीत आणि मराठी शीर्षक फाईलीच्या आत, पहिल्या ओळीत लिहावे, ही तडजोड तूर्त पत्करावी लागते.